परसातील कोंबड्यांची साथ आणि वैद्याचे कर्तव्य

ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या वैद्याकडे माणसांबरोबर त्यांच्या घरच्या मुक्या जिवांचेही प्रश्न येतात, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील माकणी हे गाव तेरणा नदीवरील निम्न तेरणा प्रकल्पाच्या जलाशयामुळे सर्वपरिचित आहे. या भागात शेतमजुराच्या किंवा अल्पभूधारकाच्या घरी आठ-दहा कोंबड्या असणे ही सामान्य गोष्ट होय. दिवसा उकिरडा उकरणाऱ्या आणि रात्री डालग्याखाली किंवा खुराड्यात निजणाऱ्या या कोंबड्या बहुधा घरच्या स्त्रीच्या मालकीच्या असतात. अंडी विकून आलेला पैसा तिच्या हाती राहतो. त्यातून मुलांच्या वह्या येतात, तिची स्वतःची औषधेही येतात. अशी एखादी मावशी गुडघ्यावरचे तेल घेऊन उठता उठता दारात थांबते आणि म्हणते, "डॉक्टरसाहेब, कोंबड्या माना टाकायल्यात. कायतरी पुडी द्या की."

या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, यावर तिच्या परसाचेच नव्हे, तर गावातील सर्व परसांचे भवितव्य अवलंबून असते. पुडी देणे सोपे असते आणि मावशीही समाधानाने जाते. परंतु त्या पुडीच्या भरवशावर जे चार दिवस निघून जातात, त्या चार दिवसांत रोग गल्ली ओलांडतो. म्हणून या विषयाचा शास्त्र, व्यवहार आणि कायदा या तिन्ही अंगांनी विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

साथ दूरची नाही

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ८५ कोटी कोंबड्या व इतर पाळीव पक्षी होते. त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख पक्षी परसातील होते. आधीच्या गणनेच्या तुलनेत परसातील पक्ष्यांत सुमारे ४६ टक्के वाढ दिसून आली. म्हणजे परसातील कोंबडी हा मागे पडत चाललेला व्यवसाय नसून वाढता व्यवसाय आहे. त्याला संरक्षण मात्र त्या मानाने अत्यल्प मिळते.

भारतात कोंबड्यांमधील बर्ड फ्लूची पहिली नोंद महाराष्ट्रातच झाली. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे एच५एन१ विषाणू आढळला आणि त्या परिसरातील लाखो पक्षी नष्ट करावे लागले. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात रोग दिसला. जानेवारी २००८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये साथ उसळली, तेव्हा ती मोठ्या शेडपेक्षा खेड्यांतील परसांतून अधिक फिरली. बीरभूम जिल्ह्यातून ती अनेक जिल्ह्यांत पसरली व सुमारे ४० लाख पक्षी मारावे लागले. दोन-चार कोंबड्यांना कसला रोग लागणार, या समजुतीला बंगालच्या खेड्यांनी दिलेले हे उत्तर आहे.

मराठवाड्यापुरते बोलावयाचे, तर जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे सुमारे ८०० कोंबड्या दगावल्या व बर्ड फ्लूचे निदान झाले. त्याच सुमारास लातूर जिल्ह्यातील केंद्रेवाडी येथेही रोगाची पुष्टी झाली. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले, ते याच विषाणूने. त्यानंतर लवकरच आपल्या धाराशिव जिल्ह्यातील ढोकी येथेही मृत कावळ्यांत हा रोग आढळला. ढोकी आणि माकणी ही दोन्ही तेरणेच्या खोऱ्यातील गावे. कावळा तालुक्याची सीमा पाळत नाही आणि उकिरड्यावर तो आपल्या कोंबडीच्या शेजारीच दाणे टिपतो, एवढे ध्यानी घेतले तरी पुरे.

मानमोडी कोणती, बर्ड फ्लू कोणता

कोंबडी मेली की प्रथम बर्ड फ्लूची भीती वाटते. वस्तुतः खेड्यातील कोंबड्यांचा नित्याचा शत्रू निराळाच आहे. तो म्हणजे राणीखेत, अर्थात लोकभाषेतील मानमोडी. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात हिमालयातील राणीखेत येथे हा रोग ओळखला गेला, म्हणून आपल्याकडे हे नाव रूढ झाले. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथेही तो त्याच सुमारास आढळला होता, म्हणून इतर देशांत त्याला न्यूकॅसलचा रोग म्हणतात. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीलाही महाराष्ट्रात मानमोडी हेच नाव पडले होते, हे येथे स्मरणीय आहे. माणसाची साथ असो वा कोंबडीची, मान खाली पडते हे लक्षण लोकांनी अचूक हेरले होते.

मानमोडीत कोंबडी मलूल होते, चोच उघडून श्वास घेते, हिरवट-पांढरी पातळ विष्ठा टाकते. काही दिवसांत मान पिळवटते, पंख वा पाय लुळे पडतात. अंडी कमी होतात किंवा मऊ कवचाची येतात. लस न दिलेल्या कळपात जवळजवळ सर्व पक्षी दगावू शकतात. बर्ड फ्लूच्या तीव्र प्रकारात पुष्कळदा लक्षणे दिसण्याआधीच मृत्यू येतो. डोके सुजणे, तुरा व गलोल निळे-जांभळे पडणे, पायांच्या नळ्यांवर रक्ताचे डाग दिसणे ही त्याची चिन्हे होत.

असे असले, तरी केवळ पाहून या दोन रोगांत निश्चित भेद करता येत नाही, हे आम्ही आवर्जून सांगतो. अनुभवी पशुवैद्यकही तसे करीत नाहीत. नमुने पुण्याच्या प्रयोगशाळेमार्फत भोपाळ येथील राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जातात आणि तेथे अंतिम निदान होते. तेव्हा दवाखान्यात बसून "ही मानमोडीच आहे, घाबरू नका" असे आश्वासन कोणी देऊ नये.

याखेरीज डासांमुळे पसरणारी देवी असते. तीत तुऱ्यावर व पापण्यांवर खपल्या येतात. पिलांमध्ये रक्तमिश्रित हगवणीचा रोग असतो, तो ओल्या, घाणेरड्या जमिनीतून वाढतो. या रोगांचे उपचार निराळे असल्यामुळे निदानाची घाई अधिकच हानिकारक ठरते.

शास्त्राची साक्ष

आयुर्वेदाला संसर्गाची कल्पना अपरिचित नाही. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात कुष्ठाच्या विवेचनाअखेर औपसर्गिक रोगांचे मार्ग सांगितले आहेत. निकट सहवास, अंगस्पर्श, निःश्वास, एकत्र भोजन, एकाच शय्येचा व आसनाचा वापर, दुसऱ्याची वस्त्रे, माळा व लेप वापरणे, असे ते मार्ग होत. हीच यादी खुराड्याला लावून पाहावी. एकाच दांडीवर बसणे, एकाच परातीत पाणी पिणे, आजारी पक्ष्याचे डालगे निरोगी पक्ष्यावर पालथे घालणे, हे सर्व मार्ग तेथे जसेच्या तसे सापडतात.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात वायू, उदक, देश आणि काल यांची विकृती हे साथीचे समान कारण म्हटले आहे. त्यात दूषित पाण्याचे एक लक्षण असे, की जलचर पक्षी ते सोडून जातात. आणि बिघडलेल्या देशाचे एक लक्षण असे, की तेथील पशुपक्ष्यांचे थवे भयग्रस्त व पीडित दिसतात. पक्ष्यांची पीडा ही जनपदावरील संकटाची सूचना आहे, हे निरीक्षण आज रोगसर्वेक्षणाचे मूलतत्त्व झाले आहे. उदगीरला आणि ढोकीला ही सूचना कावळ्यांनी दिली.

मात्र यावरून शास्त्रात विषाणूचे वर्णन आहे किंवा बर्ड फ्लूचा उपचार आहे, असा निष्कर्ष काढणे अनुचित होय. आपल्या परंपरेचा या बाबतीतला खरा ठेवा म्हणजे निदानपरिवर्जन, अर्थात रोगाचे कारण टाळणे. आज ज्याला जैवसुरक्षा म्हणतात, ती परसातील निदानपरिवर्जनाहून वेगळी नाही.

परसातील जैवसुरक्षा

मोठ्या शेडला कुंपण असते, पाय बुडवण्याची टाकी असते, वेगळा पोशाख असतो. दहा कोंबड्यांच्या मालकिणीला हे शक्य नाही. तथापि रोगाचे मुख्य दरवाजे तिलाही बंद करता येतात आणि त्यास फारसा खर्च येत नाही.

पहिला दरवाजा बाजाराचा. आठवडी बाजारातून आणलेली किंवा पाहुण्यांनी भेट दिलेली कोंबडी थेट आपल्या कळपात सोडू नये. ती तीन आठवडे वेगळ्या डालग्यात, शक्य तर घराच्या दुसऱ्या बाजूला ठेवावी. तिचे दाणापाणी नेहमी सर्वांत शेवटी करावे. बाजारात नेलेली पण न विकली गेलेली कोंबडीही नवीनच समजावी, कारण ती चार गावांच्या कोंबड्यांत बसून आलेली असते.

दुसरा दरवाजा पाण्याचा आणि रानपक्ष्यांचा. बदक, पाणकोंबडी यांसारखे पाणपक्षी स्वतः आजारी न दिसता विषाणू वाहू शकतात. जलाशयांवर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात. म्हणून तलावाकाठी कोंबड्या चरावयास सोडू नयेत, तेथील पाणी त्यांना पाजू नये व शिकार केलेल्या पाणपक्ष्याची पिसे परसात टाकू नयेत. पाण्याचे भांडे रोज घासावे. दाणे उघड्यावर उधळण्यापेक्षा आडोशाला घालावेत, म्हणजे कावळे व चिमण्या कमी येतात.

तिसरा दरवाजा आपल्याच पायांचा आणि हातांचा. विष्ठेचा कण चपलेला लागून एका घरातून दुसऱ्या घरात जातो. खुराड्यापाशी एक जुनी चप्पल ठेवावी आणि तेथे तीच वापरावी. शेजारी कोंबड्या मरत असतील, तर बघावयास जाऊ नये. कोंबड्या हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. अंड्यांचे ट्रे आणि व्यापाऱ्यांची डालगी घराघरांतून फिरतात, त्यांना खुराड्यापर्यंत येऊ देऊ नये.

चौथा दरवाजा मेलेल्या पक्ष्याचा. मेलेली कोंबडी ओढ्यात, रस्त्याकडेला किंवा उकिरड्यावर फेकणे म्हणजे कुत्री व कावळे यांच्याकरवी रोग वाटणे होय. एकदोन पक्षी एकाएकी मेले असतील, तर पशुवैद्यकास कळवावे व ते येईपर्यंत मृत पक्षी झाकून ठेवावेत. पुरण्यास सांगितल्यास विहिरीपासून व पाणवठ्यापासून दूर, तीन-चार फूट खोल खड्ड्यात चुन्याची फक्की टाकून पुरावे. हातांवर प्लास्टिकची पिशवी व तोंडावर रुमाल असावा.

खुराड्याच्या स्वच्छतेचा क्रमही समजून घ्यावा. प्रथम विष्ठा खरवडून काढावी, मग साबणपाण्याने घासावे, नंतर चुना लावावा किंवा ब्लीचिंग पावडरचे द्रावण शिंपडावे आणि कडक उन्हात वाळू द्यावे. घाणीवर टाकलेला चुना वा ब्लीचिंग वाया जाते. निंब, गुग्गुळ इत्यादींचे धूपन करावयाचे असल्यास ते रिकाम्या खुराड्यात करावे. पक्ष्यांची श्वसनेंद्रिये धुरास फार नाजूक असतात. कोंबड्या आत असताना धुरी दिल्यास आधीच धाप लागलेला पक्षी गुदमरतो.

लस एकीची

मानमोडीवर औषध नाही, परंतु उत्तम लस आहे. सामान्य क्रमानुसार पिलू पाच ते सात दिवसांचे असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकतात, चौथ्या-पाचव्या आठवड्याच्या सुमारास ती पुन्हा देतात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी ही लस पंखाखालील कातडीत टोचतात. पुढील मात्रांचे अंतर पशुवैद्यक ठरवितात. खेड्यात ही सोपी गोष्ट अडते ती कुपीच्या आकारापाशी. एका कुपीत १०० किंवा त्याहून अधिक मात्रा असतात आणि लस एकदा विरघळवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कुपी फोडणे कोणालाच परवडत नाही. म्हणून लस कोणी देत नाही आणि दर एक-दोन वर्षांनी गल्ली रिकामी होते.

यावरील उपाय गावाच्या एकीत आहे. दहा-पंधरा घरांनी एक दिवस ठरवून, संध्याकाळी कोंबड्या डालग्यात आल्यावर, पशुवैद्यकीय दवाखान्याच्या कर्मचाऱ्यांकडून सर्वांच्या कोंबड्यांना लस द्यावी. महिला बचत गट हे काम उत्तम करू शकतात. लस बर्फाच्या डब्यातून आणावी, ती ऊन व क्लोरीनचे पाणी यांपासून जपावी. लस निरोगी पक्ष्यासच द्यावी. साथ घरात शिरल्यावर एकाच सुईने टोचत गेल्यास रोगच टोचला जातो.

पुडीची मर्यादा

हळद, लसूण, निंब, कांदा यांचा कोंबड्यांसाठी वापर गावोगाव आहे. खपल्यांवर हळद-निंबतेल लावणे, उवांसाठी राखेत लोळू देणे यांस आमचा विरोध नाही. विरोध आहे तो मानमोडीवर किंवा बर्ड फ्लूवर गुणकारी म्हणून काही देण्यास. असे कोणतेही द्रव्य सिद्ध झालेले नाही. साथीतून वाचलेल्या दोन कोंबड्यांचे श्रेय पुडीला मिळते आणि मेलेल्या आठांचा दोष नशिबाला, एवढाच त्या गुणाचा हिशेब असतो.

औषधी दुकानदार व निर्माते बंधूंनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमातील आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत माणसांबरोबर प्राण्यांसाठीची औषधेही येतात. म्हणजे पशुपक्ष्यांसाठी औषध बनविण्यास परवाना लागतो व लेबलवरील दाव्याची जबाबदारीही येते. पशुचिकित्सेचा व्यवसाय १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमानुसार नोंदणीकृत पशुवैद्यकाचे क्षेत्र आहे. साथीच्या दिवसांत मागणी वाढते आणि मोह होतो. तो टाळणे हे कायद्याचे पालन तर आहेच, शिवाय दुकानाची पतही त्यानेच टिकते.

कळविण्याचा कठीण प्रश्न

सर्वांत कठीण बाब शेवटी घेत आहोत. २००९ च्या प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांविषयीच्या केंद्रीय अधिनियमानुसार अशा रोगाचा संशय येताच मालकाने गावपातळीवर कळविणे आणि आजारी पक्षी वेगळे करणे बंधनकारक आहे. पण मावशीच्या मनात वेगळाच हिशेब चालू असतो. सरकारी माणूस आला, तर उरलेल्याही कोंबड्या जातील; त्यापेक्षा आज रात्री दोन कापाव्यात आणि उद्या चार बाजारात विकाव्यात. ती दुष्ट नाही. तिला आपली चार पैशांची पुंजी वाचवावयाची आहे. मात्र त्या चार कोंबड्यांबरोबर रोग चार गावांत पोहोचतो.

तिला रागावून उपयोग नाही, खरी माहिती दिली पाहिजे. पहिली गोष्ट अशी, की सर्वच साथींत कोंबड्या मारत नाहीत. मानमोडीत सरकार कळप नष्ट करीत नाही. बर्ड फ्लूची प्रयोगशाळेत पुष्टी झाली, तरच सुमारे एक किलोमीटर परिघातील पक्षी नष्ट केले जातात व दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवली जाते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. भरपाई शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, रोगाने आधीच मेलेल्यांची मिळत नाही. तेव्हा जो उशीर करतो, त्याचे पक्षीही जातात आणि भरपाईही जाते. भरपाईची रक्कम गावरान कोंबडीच्या बाजारभावाइतकी नसते, ही तिची तक्रार खरी आहे. ती आपण मान्य करावी. पण हाती काहीच न येण्यापेक्षा ती बरी.

तिसरी गोष्ट माणसाच्या जिवाची. जुलै २०२१ मध्ये दिल्लीत उपचार घेत असलेला हरियाणातील एक मुलगा एच५एन१ मुळे दगावला. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा येथे तीन वाघ व एक बिबट्या या विषाणूला बळी पडले. माणसाला हा रोग क्वचितच होतो, पण झाल्यास भयंकर ठरतो. आजारी कोंबडी कापताना, पिसे काढताना धोका सर्वांत अधिक असतो. ७० अंश सेल्सियसच्या वर सर्व बाजूंनी शिजलेल्या मांसात विषाणू टिकत नाही; तथापि आजारी पक्षी खाण्यासाठी कापूच नये.

आपल्या दवाखान्यातही त्यानुसार दक्षता हवी. तीव्र ज्वर, कास, श्वास घेऊन आलेल्या रुग्णास गेल्या दहा दिवसांत मेलेल्या पक्ष्यांशी संबंध आला होता काय, हे विचारावे. उत्तर होकारार्थी असल्यास केवळ काढ्यावर न ठेवता त्यास तत्काळ शासकीय रुग्णालयात पाठवावे व आरोग्य विभागास कळवावे. कोंबड्या हाताळणाऱ्यास मानमोडीच्या विषाणूमुळे सौम्य नेत्राभिष्यंद होऊ शकतो. डोळे लाल होऊन आलेल्या रुग्णासही परसाची चौकशी करावी. सुश्रुताचार्यांच्या औपसर्गिक रोगांच्या यादीत नेत्राभिष्यंद आहे, हे आपण जाणताच.

उत्तर काय द्यावे

आता मावशीच्या प्रश्नाकडे वळू. तिला पुडी न देता पाच वाक्ये सांगावीत: मावशी, यावर औषध नाही. आजारी कोंबड्या वेगळ्या ठेवा, त्यांना कापू नका आणि विकू नका. मेलेली झाकून ठेवा, उघड्यावर टाकू नका. आत्ताच जनावरांच्या दवाखान्यात कळवू, नाहीतर १९६२ या क्रमांकावर फोन लावू. साथ सरली की खुराडे धुऊन, वाळवून, तीन-चार आठवडे रिकामे ठेवा आणि पुढची पिले लस देऊनच वाढवा.

तो फोन शक्य तर आपणच, तिच्यासमोर लावावा. सरकारी दवाखान्यात बोलण्यास ती बिचकते, आपल्याशी बोलण्यास बिचकत नाही. गावाचा वैद्यावर जो विश्वास आहे, त्याचा असा उपयोग होणे आम्हांस अधिक मोलाचे वाटते. प्रत्येक वैद्यबंधू-भगिनीने व दुकानदाराने जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा क्रमांक आपल्या दर्शनी भिंतीवर लिहून ठेवावा आणि आपल्या गल्लीत पुढील ऋतुबदलापूर्वी लसीकरणाचा एक दिवस ठरवावा, एवढी आमची विनंती आहे.